खंडेनवमीचे टॅपेट

नंदुरबारला स्टेशन रोडवर माझं गॅरेज होतं तोवर माझ्या माघारी एक बोलणं फिरत असे. ‘भिकन मिस्तरीकडे गाडी न्या, पण टॅपेट वाजतात असं चुकूनसुद्धा सांगू नका. सोळाच्या सोळा बदलायला लावील.’ काही जण तोंडावरही म्हणत. एका ट्रकवाल्यानं तर मला चारचौघांत विचारलं होतं, टॅपेटवाल्याची पोरगी केलीय का मिस्तरी? मी हसून घेतलं. दुसरं काय करणार? ते म्हणत होते ते खरंच होतं. मी लोकांचे चांगले, आणखी पाच वर्षं चालले असते असे टॅपेट फेकले आहेत, आणि एकदोनदा नाही, धंदा सोडेपर्यंत फेकले आहेत.

का फेकले, ते सांगायची आजवर सोय नव्हती. जिच्या कानावर जाऊ नये म्हणून तोंड शिवून बसलो होतो, ती बाई गेल्या उन्हाळ्यात गेली. तिच्या मुलाला मी विचारलं, लिहू का? तो म्हणाला, लिहा. संपादकांनी मागितल्या होत्या धंद्यातल्या गमतीजमती. यात गंमत फारशी नाही, त्यांनी सांभाळून घ्यावं.

आधी टॅपेट म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा असतात. एकीतून पेट्रोल आणि हवा आत येते, दुसरीतून धूर बाहेर जातो. या झडपा उघडायचं काम कॅमशाफ्टचं. हा एक लांब लोखंडी दांडा, त्याच्यावर अंड्याच्या घाटाचे उंचवटे. दांडा फिरला की उंचवटा वर येतो आणि त्याच्यावर उभा असलेला टॅपेट उचलला जातो. टॅपेट म्हणजे अंगठ्याएवढा पोलादी खुंटा. तो उचलला की वरची झडप उघडते. आठ सिलिंडरच्या गाडीला असे सोळा.

आता केळीला पाणी देताना दारं धरणारा माणूस आठवा. दार किती उघडायचं, किती वेळ उघडं ठेवायचं, यावर वाफा भरणार की फुटणार ते ठरतं. कॅमशाफ्ट हा इंजिनाचा दारं धरणारा. झडप जास्त वेळ उघडी ठेवणारा कॅमशाफ्ट घातला की गाडी मोकळ्या रस्त्यावर वाऱ्यासारखी पळते. पण तीच गाडी हळू चालवली की गचके खाते, उभी असली की हीव भरल्यासारखी कापते, आणि चढावर बैलगाडीच्या मागे अडकली तर दम टाकते. झडप कमी वेळ उघडणारा घातला तर गाडी पळणार नाही, पण ओझं घेऊन मुंगीच्या पावलानं डोंगर चढेल. मोलगीच्या बाजाराला माणसं भरून जाणाऱ्या जीपवाल्याला पळणारा कॅमशाफ्ट दिला तर तो पहिल्या वळणावर माझ्या नावानं शिव्या देईल. गिऱ्हाईक मला विचारायचं, यातला चांगला कोणता? मी त्याला विचारायचो, तुला जायचंय कुठं?

टॅपेटचंही तसंच. मोठ्या गाड्यांना तेलावर फुगणारे, अजिबात न वाजणारे टॅपेट येत. नवापूरकडच्या एका लाकडाच्या ठेकेदाराला तेच हवे होते. त्याच्या गाडीचा आवाज त्याच्या सासऱ्याच्या गाडीपेक्षा कमी यायला हवा होता म्हणे. मी सांगितलं, शेट, याला तेल तुपासारखं स्वच्छ लागतं. तुमचा ड्रायव्हर तेल बदलतो पोळ्याच्या पोळ्याला. ऐकलं नाही. वर्षाच्या आत ते टॅपेट गाळानं बसले आणि गाडी अशी वाजू लागली की सासरा लांबूनच ओळखायचा. साधा टॅपेट वाजतो, पण वाजून आपलं दुखणं सांगतो. मला तोच बरा वाटतो.

छगनबापू पाटील कोरीटचे. तापीकाठचे गुजर शेतकरी, कापूस आणि केळी. माणूस कमी बोलायचा आणि बोलला की बदलायचा नाही. त्यांच्या बायकोला सगळं कोरीट माय म्हणे, मीही म्हणू लागलो. एकुलता एक मुलगा रमण. तो सुरतेला कॉलेजात जाऊन, तिथं मन न रमून परत आला होता. येताना त्याच्या डोक्यात गाडी होती. केळीनं दोन वर्षं चांगला हात दिला आणि बापूंनी गुजरातेतल्या एका जुन्या संस्थानाच्या दिवाणाकडून अमेरिकन गाडी घेतली. आठ सिलिंडरची, अंगणात उभी केली तर बैलगाडीला वाट उरू नये एवढी. साठ सालाच्या मागच्यापुढच्या गोष्टी या. आमच्या तालुक्यात तशी दुसरी गाडी नव्हती.

बापू मागे ताठ बसत आणि रमणच्या खांद्याला बोट लावून म्हणत, “सावकाश.” रमण चिडायचा.

त्या वर्षी पाऊस सरता सरता गाडी खडखडू लागली आणि बापूंनी मला बोलावलं. तेव्हा अशा कामाला मिस्तरीच गाडीच्या घरी जायचा. हत्यारांची पेटी घेऊन जायचं, काम संपेपर्यंत तिथंच राहायचं, तिथंच जेवायचं. कापूस ठेवायच्या पडवीत गाडी लावली. माय सकाळी कळण्याची भाकर आणि लसणाची चटणी घेऊन यायची आणि मी हात धुवेपर्यंत ताट हातात धरून उभी राहायची. खाली ठेवलं तर धूळ बसेल म्हणून. इतक्या वर्षांत कुणाच्या पडवीत माझ्या ताटाची एवढी काळजी झाली नाही.

इंजिन उघडलं. कॅमशाफ्ट फिरवणारी टायमिंगची चेन सैल पडलेली आणि टॅपेटवरून झडपेकडे जाणारी एक दांडी वाकलेली, एवढंच दुखणं निघालं. दोन्ही वस्तू मी सुरतेहून आणून ठेवल्या. कॅमशाफ्ट काढून पाहिला, तो निरोगी होता. टॅपेटही निरोगी. रमण माझ्याजवळ बसून असे, हात काळे करायची त्याला लाज नव्हती. त्याला मी टॅपेट पाहायला शिकवलं. टॅपेट उलटा धरायचा आणि तळावर अंगठ्याचं नख फिरवायचं. “नख अडलं तर फेक, सरकलं तर ठेव.” त्यानं सोळाही तपासले. एकावरही नख अडलं नाही.

पण उघडलेलं इंजिन पाहून त्याच्या मनात दुसरंच आलं. मुंबईला एका जुन्या सामानवाल्याकडे शर्यतीच्या गाडीतून उतरवलेला कॅमशाफ्ट होता, याच इंजिनाचा. सुरतेच्या मित्रानं त्याला सांगितलं होतं.

“मिस्तरी, इंजिन उघडंच शे तर तोच टाका ना. दम पाहिजे गाडीमा.”

बापू बाजेवर बसले होते. म्हणाले, “गाडी पळावाले नको, जावाले पाहिजे.”

“मंग बैलगाडी काय वाईट व्हती, बापू?”

बापलेकांचं वाजलं. रमण जेवायला आला नाही. मी माझ्या परीनं समजावलं. कोरीटचा रस्ता हा असा, गाडी बैलाच्या चौपट वेगानं गेली तर पुष्कळ. त्यात पळणारा कॅमशाफ्ट घालणं म्हणजे शर्यतीचा घोडा नांगराला जुंपणं. तो घोड्याला आवडत नाही आणि नांगरालाही. रमण ऐकेना. शेवटी माय पडवीच्या दारातून एकच बोलली.

“गाडीमा बठ्ठासले बसानं शे, का एकलाले?”

सगळ्यांनी बसायचं आहे की एकट्यानं, एवढंच. रमण थोडा वेळ पान्ह्याशी चाळा करत बसला आणि मग हसला. ठरलं. जुनाच कॅमशाफ्ट, जुनेच टॅपेट. दसरा झाला की जुळवायचं आणि गाडी चालू. मला बरं वाटलं. गिऱ्हाइकाला शहाणपण आलेलं पाहायला मिळणं हा आमच्या धंद्यात दुर्मीळ योग आहे.

खंडेनवमीला मी नंदुरबारला घरी गेलो. कारागिरानं त्या दिवशी आपल्या हत्यारांजवळ असावं. जाण्याआधी टॅपेट लाकडी फळीत क्रमानं लावून ठेवले. या कामासाठी माझ्याकडे सोळा भोकांची फळी होती. टॅपेटला तेल लावलं, वर फडकं टाकलं आणि रमणला सांगितलं, याला कुणी हात लावायचा नाही. त्यानं हो म्हटलं आणि तोही दुपारी मित्रांकडे शहाद्याला गेला.

क्रम का, तेही सांगायला हवं. प्रत्येक टॅपेट आपल्या खालच्या उंचवट्यावर घासत घासत त्याच्याशी जुळत जातो. जात्याच्या दोन तळ्यांसारखं. एका जात्याची वरची तळी काढून दुसऱ्या जात्यावर ठेवली तर दोन्ही चांगल्या असूनही पिठात कच येते. टॅपेट अदलाबदल झाले तर इंजिन आधी काहीच बोलत नाही. थोड्या दिवसांनी एकेक उंचवटा झिजू लागतो आणि लोखंडाचा चुरा तेलातून सगळ्या इंजिनात फिरतो. मग दुरुस्ती नाही, मोडच. टॅपेटवर खुणा का केल्या नाहीत, असं कुणी विचारील. ते पोलाद इतकं कडक की त्यावर छिन्नी उमटत नाही. खूण म्हणजे फळीतली जागा, बस.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोरीटला आलो. माय दारातच उभी होती.

“या मिस्तरी. पाहा तरी.”

पडवी सारवली होती. पाटावर नांगराचा फाळ, विळे, विहिरीवरच्या इंजिनाचा हँडल. मधोमध तांब्याचं ताट आणि ताटात माझे सोळा टॅपेट, फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल मांडलेले. प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट, मध्ये झेंडू. फळी धुऊन उन्हात वाळत लावलेली.

“कितला काळा व्हतात! राखघाई घासात मी, एकेक. मंग गरम पानीघाई धोवात. कशे चमकी ऱ्हायनात!” मग तिनं विचारलं, “हाईबी हत्यारेच शेतस ना? मंग तेस्नी पूजा नको का?”

पूजा इतकी नीट होती की मी आधी हात जोडले. उन्हातल्या रिकाम्या फळीकडे वळलो तो नंतर.

“काय व्हयनं मिस्तरी? काही चुकनं का?”

“नही माय. पूजा चांगली व्हयनी.”

तिच्या दृष्टीनं काय चुकलं होतं? बारा महिने घरासाठी राबणारं लोखंड त्या दिवशी काळं, तेलकट, तसंच पडू द्यायचं? कोणत्याही शेतकऱ्याच्या घरात बाईनं हेच केलं असतं. रमण घरी असता तर त्यानं अडवलं असतं. तो नव्हता, मी नव्हतो. मी तासभर बसून तळावरच्या घासाच्या खुणा पाहून जोड्या लावायचा प्रयत्न केला. चारपाच ओळखू आले. बाकीचे सगळे सख्ख्या भावांसारखे.

रमण आल्यावर त्याला बाजूला घेऊन सांगितलं. हे टॅपेट आता बसवता येणार नाहीत. जुन्या कॅमशाफ्टवर नवे चालतील, ते अजून कुठल्याच उंचवट्याशी जुळलेले नसतात. सुरतेला एका ट्रकच्या सामानवाल्याकडे साधे नवे मिळतात, उद्याच्या गाडीनं मागवले की चार दिवसांत काम संपेल. रमणनं सगळं ऐकून घेतलं आणि त्याचे डोळे लकाकले.

“नवे टॅपेट लागणारच शेतस, तर मंग नवा कॅमशाफ्ट काबर नही?”

पुन्हा तेच. मी बापूंकडे पाहिलं. बापू थकल्यासारखे वाटले. म्हणाले, “करू द्या तेले. उद्या तेन्हंच शे बठ्ठं.”

गिऱ्हाइकानं हो म्हटलं की मिस्तरीची जीभ संपते. रमणनं मुंबईला कळवलं आणि मी नंदुरबारला परतलो. पार्सल आलं की यायचं ठरलं. पार्सल येईना. तापी व्हॅलीच्या गाडीची वेळ झाली की मी स्टेशनवर जाऊन हमालांना विचारायचो. सामानवाला आज पाठवतो, उद्या पाठवतो करत राहिला. कोरीटला ती भलीमोठी गाडी पोट उघडं टाकून पडवीत उभी होती. आता दिवाळीला तरी चालू होईल असं सगळे म्हणत होते.

दिवाळी आठवड्यावर आली असताना एका सकाळी बापूंना केळीच्या बागेत पान लागलं. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, असंच म्हणतात. ते स्वतः दारं धरायला गेले होते. काही लोक म्हणाले, भगताकडे न्या. रमणनं ऐकलं नाही, ते त्यानं बरोबर केलं. गावात दुसरी मोटार नव्हती आणि बसला वेळ होता. त्यानं बैलगाडी जुंपली आणि वडिलांना घेऊन नंदुरबारचा रस्ता धरला.

मी गॅरेजच्या दारात चहा पीत होतो. कोरीटची गाडी मी बैलांवरून ओळखली. बैलांच्या तोंडाला फेस होता. रमण उभा राहून हाकत होता आणि मागे माय बापूंचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. माझ्यासमोरून जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही. मी धावत मागे गेलो. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बापूंना उतरवताना मला हाताला कळलं की उशीर झालेला आहे. डॉक्टरांनी आत नेलं आणि लगेच बाहेर येऊन तेच सांगितलं.

मोटारीनं आणले असते तर वाचले असते का? डॉक्टरांनाही ते सांगता आलं नसतं. पण माणूस हा हिशेब केल्याशिवाय राहत नाही. मीही केला. बैलांना लागला त्याच्या पाव वेळात ती गाडी पोचली असती, पळणारा कॅमशाफ्ट नसतानाही. बापू म्हणाले होते तशी, नुसती जाणारी.

पार्सल त्याच आठवड्यात आलं. मी ते सोडवून आणलं आणि न उघडता कोपऱ्यात ठेवलं.

दहाव्यानंतर मी कोरीटला सांत्वनाला, दारावर बसायला गेलो. अंगणात भाऊबंद बसले होते, बायका ओटीवर. माय भिंतीला टेकून होती, कपाळ उघडं. मी बसतोय एवढ्यात कुणीतरी पडवीतल्या गाडीकडे पाहून म्हणालं, घरमा मोटार व्हती आणि कामले नही उनी. त्यात वाईट हेतू नव्हता. पण रमण उठला. इतके दिवस त्यानं जे गिळलं होतं ते बाहेर पडलं.

“कशी येई कामले? मायनी टॅपेट धोवात ना! ते धोवात नसतात तर दसऱ्यालेच गाडी चालू व्हती. मिस्तरीले विचारा. बापू आज आठे, आपलामा बसेल ऱ्हाता!”

 ओटीवरच्या बायका मायकडे वळल्या. मायनं माझ्याकडे पाहिलं. तिला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. ते ताट, तो झेंडू, ती चकाकी, सगळं त्या क्षणी तिच्या डोळ्यांसमोर आलं असणार. तिचं तोंड पाहवेना.

“मिस्तरी,” ती म्हणाली, “रमण म्हणस ते खरं शे का?”

मी काय म्हणतो याकडे सगळे कान लावून बसले होते. यंत्रातलं मला कळतं, म्हणून मी म्हणेन तेच खरं ठरणार होतं. माझ्याकडे दोन खऱ्या गोष्टी होत्या. एक, टॅपेट धुतले नसते तर गाडी दसऱ्यानंतर लगेच चालू झाली असती. दुसरी, धुतल्यानंतरही सुरतेचे टॅपेट घातले असते तर चार दिवसांत चालू झाली असती. उशीर झाला तो शर्यतीच्या कॅमशाफ्टसाठी, रमणच्या हट्टानं. हे रमणलाही ठाऊक होतं. म्हणूनच तो एवढ्या मोठ्यानं ओरडत होता. पहिली गोष्ट बोललो तर आई संपते, दुसरी बोललो तर पोरगा संपतो. आणि त्या दोघांना आता त्याच घरात, त्याच चुलीवर जन्म काढायचा होता.

“नही माय,” मी म्हणालो. “ते टॅपेट खराबच व्हतात. मी फेकीच देणार व्हतू. तुम्हीन धोवात काय नि नही धोवात काय. आणि नवा माल मुंबईलेच मिळस, दुसरं कोठे मिळस नही. उशीर व्हणारच व्हता.”

रमण माझ्याकडे पाहत राहिला. त्यानं स्वतः नख फिरवून सोळाच्या सोळा पाहिले होते. मी त्याच्या डोळ्याला डोळा दिला नाही. आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “आमच्या धंद्यात नियम शे. इंजिन उघडं की टॅपेट नवे. जुने कोणीच ठेवस नही.”

असा नियम नव्हता. त्या अंगणात मी तो तयार केला.

माय पदरात तोंड घालून रडू लागली. दहा दिवसांत ती रडली नव्हती, असं मला नंतर कळलं. रमण बाहेर निघून गेला. उठताना मी पडवीत गेलो. टॅपेट त्याच तांब्याच्या ताटात होते, कुंकू वाळून चिकटलेलं. मी ते पिशवीत भरले आणि नंदुरबारच्या रस्त्याला न लागता आधी नदीवर गेलो. तापीला तेव्हा पाणी चांगलं होतं. एकेक करून सोळाही लांब फेकले. चांगलं पोलाद असं पाण्यात टाकताना कारागिराच्या हाताला काय होतं, ते दुसऱ्या कारागिरालाच कळेल.

महिन्यानं रमणनं निरोप धाडला, गाडी जुळवा. मी मुंबईचं पार्सल घेऊन गेलो. त्यानं ते उघडलंसुद्धा नाही. म्हणाला, जुनाच कॅमशाफ्ट घाला. बापू म्हणेत तसा. मी सुरतेहून नवे टॅपेट आणले होते, ते घातले. शर्यतीचा कॅमशाफ्ट पुढे माझ्या गॅरेजात भिंतीला टांगून होता. हौशी लोक किंमत विचारायचे. मी तो विकला नाही.

खोटं एकदाच बोलून भागत नाही, ते पोसावं लागतं. कोरीटची आणि आसपासची माणसं माझ्याकडेच गाड्या आणत. माय त्यांच्यातल्या प्रत्येकाला विचारायची, हे मला लवकरच कळलं. सहज विचारल्यासारखं विचारायची. भिकन मिस्तरीकडून आलास? इंजिन उघडलं होतं? जुने टॅपेट ठेवले की फेकले? एकानं जरी सांगितलं असतं की माझे जुनेच बसवले, तर तिला ते ताट पुन्हा दिसलं असतं. गाडी कोरीटची की नवापूरची हे पाहायला मी धजलो नाही. गोष्टींना पाय असतात. म्हणून माझ्या गॅरेजात जे इंजिन उघडलं त्याचे टॅपेट गेले. काही वेळा ते जायलाच हवे होते. नव्या कॅमशाफ्टवर जुने टॅपेट घालायचेच नसतात. पण पुष्कळदा मी निरोगी माल फेकला आणि शिव्या खाल्ल्या. ज्यांचे फेकले त्यांची आज माफी मागतो. चांगला मिस्तरी म्हणून नाव व्हावं असं मलाही वाटत होतं हो. झालं ते ‘सोळाच्या सोळा’.

मायनं पुढच्या खंडेनवमीला हत्यारं धुतली नाहीत, सुनेला धुवायला सांगितली आणि स्वतः लांब बसली, असं ऐकलं. तेवढं मला दुरुस्त करता आलं नाही.

रमणनं शेती सांभाळली. माझ्याशी तो नीट बोलायचा, पण त्या दिवसाचा विषय त्यानं कधी काढला नाही. माझ्या त्या खोट्याबद्दल त्याला काय वाटत होतं, हे मला कळत नव्हतं. पाचसहा वर्षांनी तीच गाडी घेऊन तो गॅरेजवर आला. आता झडपा खरोखर दमल्या होत्या. माय बरोबर होती, तिला दवाखान्यात दाखवायचं होतं. तिच्यासाठी मी दारात खुर्ची टाकली. ती दोघं दवाखान्याहून परत येईपर्यंत मी इंजिन उघडलं होतं आणि टॅपेट फळीत लावले होते. मीच घातलेले, सुरतेचे. तळ आरशासारखे.

माय खुर्चीवर बसली आणि तिची नजर फळीवर गेली.  मग तिनं विचारलं. मला नाही, रमणला.

“खराब शेतस का रे?”

मी तोंड उघडणार होतो. रमण माझ्या आधी पुढं झाला. त्यानं फळीतला पहिला टॅपेट उचलला, उलटा धरला आणि मी शिकवलं होतं तसं अंगठ्याचं नख तळावर फिरवलं. मी जवळच उभा होतो. नख लोण्यावरून जावं तसं सरकलं. त्यानं दुसरा घेतला. तिसरा घेतला. घाई न करता, तिला दिसेल असे, त्यानं सोळाही पाहिले.

“नख अडस माय,” तो म्हणाला. “बठ्ठासवर अडस. फेका मिस्तरी.”